हातातच द्यायचं

माझ्या सासुरवाडीत शिकारी कुत्र्याला शिकवण्याचा एक नियम होता आणि तो माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालत आलेला होता. कुत्र्याने जे आणायचे ते हातातच द्यायचे. वाटेत टाकायचे नाही, पायाशी ठेवायचे नाही, त्याला दात लावायचे नाहीत. ज्याच्यासाठी आणले त्याच्यासमोर ते तोंडात धरून बसायचे आणि त्याने ‘दे’ म्हटले की ओंजळीत अलगद सोडायचे. कुत्र्याने जमिनीवर टाकलेला तित्तर कितीही चांगला असला तरी सासरे उचलत नसत. ते कुत्र्याकडे पाठ फिरवत आणि चालू लागत. मारणे, ओरडणे त्यांच्या घरात नव्हते. पाठ फिरवणे एवढीच शिक्षा होती आणि ती कुत्र्यांना पुरत असे.

ही विद्या त्यांनी फौजेत मिळवली होती. उत्तरेकडे नेमणूक असताना एका अधिकाऱ्याची कुत्री त्यांच्याकडे सांभाळायला होती. सुट्टीवर गावी आले की ते भावांना घेऊन माळावर जात. त्या काळी पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना मिळत असे. माझी पत्नी तेव्हा लहान होती. गवतातून तित्तर उडाल्यावर होणारा पंखांचा फडफडाट, त्यामागून बंदुकीचा आवाज आणि मग कुत्र्याची वाट पाहत सगळ्यांनी गप्प बसून राहणे, हे तिच्या बालपणाचे चित्र आहे. माझे बालपण वाईत, घाटाजवळच्या शाळेत आणि ग्रंथालयात गेले. आमच्या लग्नात तिचे काका मला म्हणाले होते की पोरगी निशाणाला चुकत नाही, तेवढे ध्यानात ठेवा.

पुढे परवाने बंद झाले. आसपासचे बरेच लोक चोरून शिकार करत राहिले, पण सासऱ्यांनी बंदूक जमा करून टाकली. सरकारचे मीठ खाल्ले आहे, एवढेच ते म्हणत. अडचण कुत्र्यांची झाली. सुगी संपून गवत वाळले की ती पहाटे दाराशी येऊन उभी राहत आणि त्यांना कायदा सांगणार कोण, असा प्रश्न होता. तेव्हा सासऱ्यांनी एका जुन्या लोकरी मोज्यात गळालेली पिसे भरून त्याचा गोळा केला आणि वर सुतळी गुंडाळली. एकाने हा गोळा माळावर लपवायचा आणि परत येऊन उघड्यावर बसायचे. मग कुत्रे सोडायचे. ज्याने लपवला त्याच्या हाताचा वास गोळ्याला असतो, म्हणून कुत्र्याने तो त्यालाच आणून द्यायचा. पक्षी उडाले तर उडू द्यायचे. घरात या प्रकाराला अजूनही शिकारच म्हणत आणि दिवाळीनंतर सगळे कुटुंब त्यासाठी जमत असे.

जावई म्हणून मी अनेक वर्षे चहाचा थर्मास सांभाळत बाजूला बसलो. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर हिवाळ्याचे काही आठवडे आम्ही तिकडेच राहू लागलो, तेव्हा कुठे गोळा लपवण्याचे काम माझ्याकडे आले. इतक्या उशिरा शिकणाऱ्याला दुसरे काम देणेही शक्य नव्हते. मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, तोही फौजेतून पेन्शन घेऊन परतला होता आणि डाळिंबाची बाग करत होता. त्याच्याकडे कारवान जातीचा एक तरुण कुत्रा होता. लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि कधीही काहीही न आणणारा. सासऱ्यांची कुत्री वेगळी होती. अंगाने पांढरी, तोंडावर आणि कानांवर तपकिरी, अर्धी पॉइंटर जातीची. तिला घरात सगळे ‘बाय’ म्हणत. सासऱ्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती आणि ही आपण शिकवलेली शेवटची, असे ते कुणालाही सांगत. रात्री ती त्यांच्या खाटेखाली झोपे. सासूबाई गेल्यापासून सकाळी उठायला त्यांना जे कारण होते ते बहुतेक तीच होती.

तो माळ माण आणि आटपाडी यांच्यामधल्या उंचवट्यावर आहे. सातारा जिल्हा कुठे संपला आणि सांगली कुठे सुरू झाली हे तिथे उभे राहून सांगता येत नाही. कुसळीचे गवत, तरवडाची झुडपे, अधूनमधून हिवराचे झाड. अलीकडे मात्र माळाच्या खालच्या अंगाला कालव्याचे पाणी आले होते. पाण्यामागून ऊस आणि मका आला, मक्यामागून रानडुकरे आली आणि डुकरांमागून त्यांना मारणारे. हे लोक कणकेत आणि चरबीत गुंडाळलेले बारूदाचे गोळे रात्री बांधाच्या कडेला ठेवून जात. डुकराने चावला की गोळा फुटतो. दिवाळीच्या सुमारास एका मेंढपाळाच्या कुत्र्याने असाच एक गोळा चावला होता. त्याचा खालचा जबडा जागेवर राहिला नाही. सासऱ्यांनी ते कुत्रे पाहिले होते आणि घरी येऊन ते त्या दिवशी जेवले नव्हते. पण ते सगळे कालव्याच्या पलीकडे घडले होते. आमच्या बाजूला कुणी ठेवत नाही, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

पौषातली सकाळ होती. ऊन चढले तरी अंगातला स्वेटर काढावासा वाटत नव्हता. सासरे नेहमीप्रमाणे तालीवर, म्हणजे शेताच्या दगडी बांधावर, बसले होते. मेहुणा त्याच्या कुत्र्याचा पट्टा धरून उभा होता आणि पत्नी त्याच्याशेजारी होती. मी पिसांचा गोळा घेऊन बराच लांब गेलो, हिवराच्या पुढच्या एका तरवडाच्या बुडाशी तो खोवला आणि परत आलो. माळाला लागून एक बाजरी काढलेले रान होते, तिथल्या मऊ मातीत लपवणाऱ्याने बसायची पद्धत होती. मी बसलो आणि ओंजळ गुडघ्यांवर टेकवली.

“दाजी, लय लांब गेला व्हता,” मेहुणा म्हणाला. “मला वाटलं आता वाईला पोचूनच फोन करतासा.”

“त्यांनी निदान लपवला तरी,” पत्नी त्याला म्हणाली. “तू मागच्या खेपेला खिशातच ठेवून आला होतास.”

सासऱ्यांनी हात वर केला. कुत्रे सोडल्यावर बोलायचे नाही, हाही तिथला नियम. त्यांनी बायच्या मानेवर दोन बोटे टेकवली, उचलली, आणि ती निघाली.

तिचे काम पाहण्यासारखे असे. नाक वर धरून ती वाऱ्याला आडवी धावत जाई आणि वळून परत आडवी येई. वाटेत गवतातून तित्तरांची जोडी उडाली. ती पुढचा एक पाय उचलून जागच्या जागी थिजली, पक्षी खाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिली आणि पुन्हा कामाला लागली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मग ती हिवरापाशी पोहोचली. आता तरवडाकडे वळेल, असे मला वाटले, पण ती वळली नाही. वाऱ्याने तिला दुसरेच काही सांगितले असावे. हिवर मागे टाकून ती थेट मक्याच्या कडेपर्यंत गेली, नाक खाली केले आणि उंच गवतात दिसेनाशी झाली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात काहीतरी होते. मान उंच, शेपटी ताठ, नेहमीची दुडकी चाल. आपण कुठे लपवले होते याचाच मला क्षणभर संशय आला.

“आबा,” पत्नी म्हणाली, “तो आपला मोजा नाही.”

आमचा गोळा खाकी होता आणि दोन्ही बाजूंनी तोंडाबाहेर यायचा. हे काहीतरी लहान, राखाडी आणि गोल होते. ओठाच्या कडेतून दोऱ्याचे एक टोक लोंबत होते. सासरे उठून उभे राहिले. कुत्रे येण्याआधी त्यांना उभे राहिलेले मी कधीच पाहिले नव्हते.

“कुणी हलू नगा,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, हळू आणि सपाट. मग मुलाला म्हणाले, “तुझ्या कुत्र्याला धर. पट्ट्याला न्हाई. खाली बस आनि मिठी मार.”

मेहुणा काही न विचारता खाली बसला. मी पत्नीकडे पाहिले आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले. मेंढपाळाचे कुत्रे मी स्वतः पाहिले नव्हते. तरी त्या क्षणी ते मला दिसले.

सासऱ्यांनी बारीक शीळ घातली. ती ऐकून बाय कुठूनही त्यांच्याकडे यायची. आताही ती थांबली. त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ज्याने लपवला त्याच्याकडे जायचे, हे त्यांनीच तिला शिकवले होते आणि आता तेच तिला दुसरीकडे बोलावत होते. ती गोंधळली. गोंधळात तिने जबडा किंचित उघडला, तोंडातली वस्तू जिभेने मागे सारली आणि पुन्हा धरली. तिचे सुळे आम्हा सगळ्यांना दिसले.

सासऱ्यांची शीळ अर्ध्यावर तुटली.

“न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले. “मी बोलवायचं न्हाई.”

“आबा, खाली टाक म्हना की तिला,” मेहुणा कुत्र्याच्या मानेआडून म्हणाला.

“ते शिकवलंच न्हाई.”

हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात उच्चारले तो आवाज मी विसरू शकलो नाही. आपल्या हातून झालेल्या कामाकडे पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. जमिनीवर टाकणे हा एकच गुन्हा त्या कुत्रीला माहीत होता. लहानपणापासून तिने दुसऱ्या कशाचीच भीती बाळगली नव्हती.

बाय पुन्हा चालू लागली. माझ्याकडे.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “ती तुमच्याकडं येतीय. पळालासा तर खेळ समजून मागं पळंल आनि मग काय सांगता येत न्हाई. पर तुमी आत्ताच हळूच उठून ताल वलांडलीसा, तर मी न्हाई म्हननार न्हाई. मानसापरीस कुत्रं मोठं न्हाई. तुमी उठा.”

त्यांनी ते मनापासून सांगितले होते, यात मला शंका नाही. आणि तसे सांगताना त्यांनी कुत्रीवरची आशा सोडली होती, हेही मला दिसत होते. मी उठलो असतो तर ती देणार कुणाला? तोंडात धरून ती मला शोधत फिरली असती आणि कधीतरी कणकेची चव लागून चावली असती. मी उठलो नाही. त्यात धैर्य म्हणावे असे काही नव्हते. माझे पाय माझे राहिले नव्हते आणि ‘उठतो’ हा शब्द उच्चारण्याइतका निर्णय माझ्याने झाला नाही. लोक नंतर त्याला वेगळे नाव देत राहिले. ते खोडून काढायचा मी प्रयत्न केला, पण आमच्याकडे जावयाचे म्हणणे विनय म्हणून सोडून देतात.

मागे गवत वाजले. पत्नी येऊन माझ्या डाव्या खांद्यामागे बसली होती.

“पोरी, मागं सर,” सासरे म्हणाले.

“न्हाई,” ती म्हणाली.

वाईच्या घरात ती असे कधी बोलत नाही. तिथे ती प्रमाण मराठी बोलते, माझ्यापेक्षाही स्वच्छ. तो एक शब्द तिने माहेरचा वापरला.

“हात कापतायत तुमचे,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मनगटं गुडघ्यावर नीट टेकवा. ती बसली की ओंजळ तिच्या तोंडाखाली न्या. हात वर नेऊ नका, तिला वाटेल तुम्ही ओढून घेताय. डोळ्यांत बघू नका.”

बाय आली आणि माझ्यासमोर बसली. इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या बोटांवर येत होता. चरबीचा वास होता आणि त्याखाली दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा एक जळकट वास. तिच्या ओठांमधून लाळ गळून माझ्या मनगटावर पडली. वरची कणीक भिजून चिकट झालेली दिसत होती. ती अतिशय खूश होती. इतक्या लांबून, अवघड जागेवरून, ओठांच्या चिमटीत धरून तिने ही वस्तू आणली होती. ती माझ्या शब्दाची वाट पाहत होती.

मी ओंजळ पुढे केली आणि ‘दे’ म्हणालो. म्हणजे म्हणायचे ठरवले. ओठ हलले, आवाज आला नाही.

तिने मान तिरकी केली. मेहुण्याच्या मिठीतला कुत्रा कुईं कुईं करू लागला होता. बायचा एक कान तिकडे वळला. त्या कुत्र्याने सुटून झेप घेतली असती, तर तोंडातले हिसकावले जाऊ नये म्हणून तिने जबडा आवळला असता. मेहुणा त्याच्या कानात पुटपुटत होता, “गप रं गड्या, गप, माझा राजा हाईस न्हवं, गप.” फौजेत सीमेवर राहून आलेला हा माणूस पुढे कितीतरी दिवस सांगत होता की त्या सकाळइतका घाम त्याला कुठेच फुटला नव्हता.

मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आवाज आला, पण तो माझ्या वर्गातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत पोहोचावा म्हणून लावलेला. बायने कान मागे पाडले. तो शब्द तिला ओळखीचा वाटला नाही.

“अहो,” पत्नी म्हणाली, “मास्तर होऊ नका. तिला रोज म्हणता तसं म्हणा. पोळीचा तुकडा मागून घेता ना तिच्याकडून, तसं.”

मी श्वास सोडला आणि त्या श्वासाबरोबरच म्हणालो, “दे, बाय.”

तिने मान खाली घातली आणि ती वस्तू माझ्या ओंजळीत ठेवली.

ती गरम होती, ओली होती आणि दिसत होती त्यापेक्षा जड होती. मी बोटे मिटली नाहीत. माझ्या हातांत ते आहे हे मला दिसत होते, पण हात माझे आहेत असे वाटत नव्हते.

“आता भुईवर,” सासरे म्हणाले. “अंडं ठिवल्यागत. माती मऊ हाय, घाई न्हाई.”

मी कमरेत वाकलो, हातांच्या पाठी मातीत टेकवल्या आणि ओंजळ उघडत दोन्ही हात खालून काढून घेतले. गोळा मातीत किंचित रुतून बसला. पत्नीने मागून माझा दंड धरला आणि आम्ही दोघे बसल्या बसल्या मागे सरकू लागलो.

इथे संपले असे मला वाटले होते. आम्ही सगळेच एक गोष्ट विसरलो होतो. बायसमोर आता एक वस्तू जमिनीवर पडली होती. तिने कष्टाने आणलेली, हातात दिलेली वस्तू माझ्या हातून पडली होती आणि पडलेले तसेच सोडून जाणे तिला येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. मग मान लांब केली आणि नाक गोळ्यापर्यंत नेले.

“बाय,” मी म्हणालो. तिला वाटले मी पुन्हा मागतो आहे. तिने तोंड उघडले.

तेव्हा सासऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

ते ताल उतरले, काठी टेकत घराच्या दिशेने चालू लागले आणि मागे वळून पाहिले नाही. बायचे तोंड उघडेच राहिले. पाठमोऱ्या माणसाकडे तिने पाहिले, गोळ्याकडे पाहिले, पुन्हा त्या पाठीकडे पाहिले. शेपटी हळूहळू पोटाखाली गेली. मग गोळा तिथेच टाकून ती अंग चोरत त्यांच्यामागे निघाली.

ती पिल्लू असताना ही पाठ तिने एक-दोनदाच पाहिली असेल. त्यानंतर तशी वेळ तिने येऊ दिली नव्हती. आणि त्या सकाळी, ज्या कामाला आयुष्यभराची शाबासकी मिळायला हवी होती त्या कामाला तिला ती पाठ दिसली. सासरे थांबले नाहीत. थांबले असते तर ती परत फिरली असती, हे त्यांना माहीत होते. घराचे दार येईपर्यंत ते चालत राहिले. बाय त्यांच्या सावलीच्या मागे, जरा अंतर ठेवून, चालत राहिली.

आम्ही तिघे कुत्र्याला घेऊन तालीपलीकडे गेलो. मेहुण्याने फोन केले. पोलीस आले, वनखात्याचे लोक आले, दुपार कलल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक पथक आले आणि त्यांनी तो गोळा नीट निकामी केला. मक्याच्या कडेला त्यांना आणखीही सापडले. पथकातल्या एका माणसाने माझ्या ओंजळीकडे पाहून विचारले की तुम्ही नक्की कसा धरला होता. मी दाखवले. त्याने मान हलवली आणि तो आपल्या कामाकडे वळला. ते ठेवणारे कोण हे आजतागायत कळलेले नाही.

घरी आलो तेव्हा सासरे ओसरीवर जमिनीवर बसले होते आणि बाय कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी तिच्यापुढे भाकरी ठेवली होती, दूध ठेवले होते. तिने कशालाही तोंड लावले नव्हते. ते तिला हाक मारत होते, पण ती फक्त डोळे वर करून पाही आणि पुन्हा मिटून घेई. मी हात धुऊन आलो तेव्हा ते मला म्हणाले, “तिला शाबासकी द्या, जावईबापू. माझी घेत न्हाई ती.” मी तिच्याजवळ बसलो आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने माझे मनगट चाटले. सासऱ्यांकडे मात्र पाहिले नाही.

त्यानंतरचे आठवडे मला त्या सकाळपेक्षा फारसे सोपे गेले नाहीत. बाय खाऊ लागली, पण काहीच उचलेनाशी झाली. हातातली पोळी पुढे केली तरी ती आधी सासऱ्यांकडे बघे आणि तोंड वळवी. मेहुण्याला ते बरेच वाटले.

“चांगलं झालं की, आबा,” तो म्हणाला. “आता काय उचलायची भीतीच न्हाई.”

“व्हय,” सासरे म्हणाले. “आनि जगायची हौस पन न्हाई.”

मेहुण्याने आणखी एक सुचवले. सांगलीत आमचा एक नातलग बंगल्यात राहतो, त्याला कुत्रे हवेच होते. तिथे माळ नाही, मका नाही, धोका नाही. त्या बोलण्यात तथ्य होते, हे सासऱ्यांनाही नाकारता येत नव्हते. तिला इथे ठेवायचे तर तिला बांधून ठेवावे लागणार होते किंवा पुन्हा माळावर न्यावे लागणार होते. बांधलेली बाय आम्हाला कुणालाच पाहवली नसती. आणि माळावर नेली आणि तिची भीड चेपली, ती पुन्हा उचलू लागली, तर पुढच्या वेळी समोर कोण बसलेले असेल आणि शब्द फुटेल की नाही, कुणी सांगावे. एक दिवस नातलग गाडी घेऊन न्यायला आला. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला, बागेतली डाळिंबे दिली आणि रिकाम्या गाडीनिशी परत पाठवले. “मीच शिकवलं न्हवं,” एवढेच ते आम्हाला म्हणाले.

मग त्यांनी तिला नवे शिकवायला घेतले. सापडलेल्या वस्तूला तोंड लावायचे नाही. तिच्याजवळ बसायचे आणि वाट पाहायची. आणायचे नाही, माणूसच तिथे येईल. ऐकायला सोपे वाटते, पण अंगात भिनलेले काढून दुसरे घालायचे म्हणजे शिकवणाऱ्यालाही तेच करावे लागते. पूर्वी ते तालीवर बसत आणि कुत्रे त्यांच्याकडे येत. आता ती जिथे बसेल तिथे ऐंशी उलटलेल्या माणसाला काठी टेकत जावे लागे. सुरुवातीला अंगणात, मग घरामागच्या परड्यात, मग पिकाविना मोकळ्या पडलेल्या रानात. ती चुकली तरी ते पाठ फिरवत नसत. ती शिक्षा त्यांनी त्या सकाळपासून कायमची बंद केली. ती चुकली की ते तिच्याजवळ खाली बसत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. उन्हाळाभर हे चालले. आम्ही वाईला परत आलो तरी रोज संध्याकाळी पत्नी फोनवर विचारी आणि पलीकडून कधी ‘बसली’, कधी ‘उचललं’ असे एका शब्दाचे उत्तर येई. ‘उचललं’ आले की ती स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी आवरत बसे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा सासरे तिला माळावर सोडायला तयार झाले होते. गवत आधी मेहुण्याने आणि गड्यांनी दोन दिवस चालून तपासले होते. तरीही मक्याची कड तीच होती आणि रात्री कोण येऊन गेले हे कुणालाच माहीत नव्हते. काहीच लपवलेले नव्हते. तिला फक्त फिरू द्यायचे होते. आम्ही तालीपाशी उभे राहिलो. बाय हिवरापर्यंत गेली, तिथून पुढे गेली, मक्याच्या दिशेने गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. मेहुणा नखे कुरतडत होता. ती बाहेर येईना.

मग गवताच्या वर तिचे कान दिसले. ती बसली होती.

“कुणी येऊ नगा,” सासरे म्हणाले आणि निघाले.

मी त्यांच्यामागे दोन पावले टाकली, तर पत्नीने माझी बाही धरली. म्हातारा एकटाच त्या गवतातून जात होता, मध्येच श्वास घ्यायला थांबत होता. कुत्री जागची हलत नव्हती. तिच्यासमोर काय आहे हे आमच्या जागेवरून दिसत नव्हते. ते तिच्यापाशी पोहोचले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. पत्नीची बोटे माझ्या दंडात रुतली होती.

सासरे ताठ झाले. त्यांनी खालून काहीतरी उचलले आणि आम्हाला दिसावे म्हणून काठीच्या टोकावर अडकवून वर धरले. कुणाची तरी रबरी चप्पल होती, पट्टा तुटलेली.

“आबा,” मेहुण्याने तिथूनच ओरडून सांगितले, “आता जोड पुरा करून आन म्हनावं तिला.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी चप्पल टाकून दिली आणि बायच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान वर केली नाही की बाजूला घेतली नाही. जरा वेळाने ती उठली, त्यांच्या पायाला अंग घासले आणि दोघे एकमेकांच्या चालीने परत येऊ लागले.